काळ्या खडकाजवळचा उसासा

“माझा नवरा बुडून गेला,” खुर्चीत बसायच्या आधीच ती बाई म्हणाली. “आणि आता तो माझी लाँच थांबवतो.”

मास्तरांच्या हातातला कप बशीवर वाजला.

ताईंनी समोरची खुर्ची थोडी मागे ओढून दिली. “बसा. पहिल्यापासून सांगा.”

ताई पूर्वी एका विमा कंपनीत होत्या. बुडालेल्या, जळालेल्या, खडकावर आपटलेल्या बोटी तपासायच्या आणि त्यांचं असं का झालं ते सांगायचं, हे त्यांचं काम. नोकरी सोडल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत स्वतःची पाटी लावली. मास्तर हे त्यांचे धाकटे भाऊ. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले, बहिणीची गाडी चालवायला म्हणून आले आणि इथेच रमले. ते ‘ताई’ म्हणायचे म्हणून येणारे-जाणारे सगळेच ताई म्हणू लागले.

आलेली बाई उन्हानं रापलेली होती. नखांत ग्रीस होतं. किनाऱ्यावर तिला सगळे लाँचवाली म्हणत.

“लाँच आधी ते चालवायचे, आता मी चालवते,” ती सांगू लागली. “सकाळी माणसं बेटावर सोडायची. नर्सबाई, शाळेतले शिक्षक, भाजीवाले. रिकामं परत यायचं. दुपारी टाकी तोंडापर्यंत भरायची आणि त्यांना आणायला रिकामंच जायचं. त्या दुपारच्या फेरीत इंजिन बंद पडतं. दरवेळी काळ्या खडकासमोर. ते गेले तिथेच.”

“कसं बंद पडतं? एकदम?”

“नाही. मिस्त्रीनं मला पेट्रोलच्या दाबाचा गेज बसवून दिलाय. काटा आधी थरथरतो. मग सावकाश खाली येतो, कुणी बोटानं ओढून घ्यावा तसा. इंजिन खोकतं आणि गप्प होतं.”

“मग तुम्ही काय करता?”

“वायरलेसवर दिराला हाक मारते. तो येईपर्यंत पेट्रोल आहे ना बघायला टाकीचं झाकण उघडते. आणि...” ती थांबली. “उसासा ऐकू येतो ताई. लांब. ते दमून घरी आले की दारातच असा उसासा टाकायचे.”

मास्तरांनी उगाचच मागे वळून दाराकडे पाहिलं.

“झाकण उघडल्यावर किल्ली फिरवून पाहिलीत?”

“तो आवाज ऐकल्यावर हात हलत नाही माझा. दीर येतो. होडी लाँचच्या उजव्या अंगाला लावतो, लाँचला हात टेकून हलवतो, झोपलेल्याला उठवावं तसा. म्हणतो, वहिनी, फिरव किल्ली. फिरवली की सुरू! पहिल्या वेळेपासून हे असंच.”

“लाँचमध्ये माणसं असताना कधी बंद पडली?”

“एकदाही नाही.”

“वारा असताना? लाटा असताना?”

तिनं आठवून पाहिलं. “नाही. पाणी अगदी निपचित असतं तेव्हाच.”

“म्हणजे त्यांना एकांत हवा असतो,” मास्तर बोलून गेले आणि जीभ चावली.

ताईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. “तुमचे यजमान गेले त्या दिवशी काय झालं होतं?”

“दुपारची रिकामी फेरी होती. खडकासमोर इंजिन बंद पडलं. मागून वारा उठला, लाँच खडकावर गेली. लाँच त्याच दिवशी मिळाली. ते दुसऱ्या दिवशी.” तिचा आवाज सपाट झाला. “इंजिनावरचं झाकण उघडं होतं. फिल्टर काढून बाजूला ठेवलेला. चौकशीवाले आले, अपघात म्हणाले आणि गेले.”

“मग माझ्याकडून काय हवंय तुम्हाला? लाँच दुरुस्त व्हायला हवी?”

“लोक आता माझ्या लाँचमध्ये बसायला कचरतात. दीर म्हणतो, विकून टाक.” तिनं मान वर केली. “ते खरंच तिथे आहेत का, एवढंच सांगा. असतील, तर मी लाँच विकणार नाही. त्यांना तिथे एकटं टाकून मी कुठे जाऊ?”

*

लाँच धक्क्याला उजवं अंग लावून उभी होती. आकाश राखाडी होतं, पाणीही. समोर दूरवर काळा खडक पाण्यातून खांद्यापर्यंत वर आलेला दिसत होता, पाठमोऱ्या माणसासारखा. मास्तरांनी वही काढून त्याचं चित्र काढायला घेतलं आणि दोन रेघांनंतर वही मिटली.

केबिनमध्ये खिळ्याला एक पिवळा रेनकोट टांगलेला होता. पुरुषाच्या मापाचा. वारा नव्हता, तरी लाँचच्या डुलण्याबरोबर त्याची एक बाही सावकाश मागेपुढे होत होती.

“काढून ठेवायला हवा,” मास्तर पुटपुटले.

“काढवत नाही,” लाँचवाली म्हणाली.

ताई धक्क्यावर गुडघे टेकून लाँचची उजवी बाजू न्याहाळत होत्या. कठड्याखाली वीतभर अंतरावर दोन तोंडं होती. एक मोठं, लाँचमध्ये साचलेलं पाणी बाहेर टाकणारं. त्याच्या कडेवर मिठाचा पांढरा थर चढला होता. शेजारचं छोटं, जेमतेम बोट जाईल एवढं. त्याची पितळी कड मात्र चकचकीत होती.

“मास्तर, ही दोन्ही भोकं वहीत काढून ठेव.”

“भोकं?” मास्तर म्हणाले. “चित्र काढायला मागे अख्खा समुद्र आहे, आणि तुला भोकं सुचतात.” तरी त्यांनी काढली. मिठाचा थरसुद्धा हुबेहूब.

धक्क्याच्या टोकाला एक लांबट शेड होती. आत लाँचवालीचे सासरे बसले होते. जन्मभर होड्या बांधलेला माणूस. पाठ वाकली होती, पण हातातली सुरी अजून सरळ चालत होती. ते लाकडाची निमुळती बुचं कातत होते. होडीला कुठे भोक पडलंच तर ठोकायला म्हणून अशी बुचं प्रत्येक होडीत ठेवतात. शेजारच्या डब्यात लहानमोठी बुचं भरलेली होती. ताईंनी एक उचलून हुंगलं, बोटांत फिरवलं आणि परत ठेवलं.

“बाबा, तुम्हाला काय वाटतं? लाँच का थांबते?”

“इंजिनातलं मला काय कळणार?” म्हातारबाबांनी मान वर केली नाही. “मी लाकडाचा माणूस.”

“सून एकटी जाते, तुम्हाला काळजी वाटत नाही?”

“वाटते ना. म्हणून रोज दोर सोडायला मी स्वतः जातो. गेली की परत येईपर्यंत धक्क्यावरच बसतो.”

“आणि थोरला मुलगा गेला त्या दिवशी?”

सुरी थांबली. “त्या दिवशी मला ताप होता. दोर त्याचा त्यानंच सोडला. लाँच नंतर ह्याच शेडमध्ये आणली. मीच तिच्या फळ्या जोडल्या. एकेक फळी.”

“अशा शेडमध्ये बरीच माणसं येत-जात असतील.”

“छे. माझ्या हत्यारांना कुणी हात लावलेला मला खपत नाही. मी आणि माझी दोन मुलं. बस.” त्यांनी सुरी पुन्हा उचलली. “आता एकच.”

*

मिस्त्री रागावलेलाच होता. त्याच्या वर्कशॉपमध्ये इंजिनांची आतडी टेबलांवर पसरली होती.

“सगळं बदललं ताई! फिल्टर नवा. पंप नवा. दाब धरून ठेवणारा रेग्युलेटर, तोही नवा. बॅटरीपासून पंपापर्यंत वायर न् वायर तपासली. इथून लाँच घेऊन मी समुद्रात फुल स्पीडनं फिरवली, काटा जागचा हलला नाही. मी तिला परत देतो आणि दोन दिवसांत पुन्हा तेच रडगाणं. माझी अब्रू जायची वेळ आली.”

“तुमचा अंदाज काय?”

“ऊन. दुपारी इंजिन तापतं, पेट्रोलची नळीतच वाफ होते. पंप वाफ ढकलणार कशी? दाब पडतो.”

“ढगाळ दुपारी कधी बंद पडलं नाही?”

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. “पडलं. गेल्या आठवड्यात ऊन नव्हतंच.”

“मग वाफ नाही.”

“तर मग मला ठाऊक नाही! लोक म्हणतात तेच खरं असेल.”

“टाकीला हवा कुठून मिळते?”

“उजव्या बाजूला बाहेर छोटं भोक आहे ना. तेही फुंकून पाहिलं. साफ मोकळं.”

“कुठे फुंकून पाहिलंत?”

“इथे. दरवेळी लाँच आणली की पहिल्यांदा तेच.”

“समुद्रात, बंद पडलेली असताना कधी पाहिलंत?”

“तिथे मला कोण बोलावतं?” मिस्त्री हसला. “दीर आहे की घरचा. तो नुसता जातो न् इंजिन सुरू होतं. मला वाटतं, मी दुकान बंद करून त्यालाच ठेवावं.”

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, “ताई, माझा ह्याच्यावरच संशय आहे. सारखे नवे पार्ट विकतोय.”

“तसं असतं तर हवेच्या भोकाची गोष्ट त्यानं मला इतक्या सहज सांगितली नसती.”

“भोकाचं काय एवढं घेऊन बसलीस?”

“चल,” ताई म्हणाल्या. “दिराला भेटू.”

*

दीर आपल्या होडीत जाळं दुमडत बसला होता. वय फार नव्हतं, पण केस कानांवर पार पांढरे झाले होते. लाँचवाली सांगत होती, भाऊ गेल्यानंतर एका पावसाळ्यात झाले.

“वहिनीला समजावा,” तो म्हणाला. “विकू दे ती लाँच. नाहीतर जाळून टाकू दे.”

“एवढी भीती वाटते?”

“तुम्हाला नाही वाटणार. तुम्ही परक्या.” जाळ्यात त्याची बोटं अडकत होती. “दादा तिथे आहे. मला माहीत आहे. तो शांत नाही झालेला.”

“तुम्ही गेलात की इंजिन सुरू होतं म्हणे. भावाचं तुमच्यावर प्रेम असणार.”

कुणी तोंडात मारल्यासारखा तो बघत राहिला.

“तो मला बोलावतो,” शेवटी तो म्हणाला. “वहिनीला नाही. मला.”

“लाँच ओढून आणायची तर दोर पुढच्या टोकाला बांधायला हवा. तुम्ही पहिल्याच वेळी सरळ उजव्या अंगाला कसे गेलात?”

“सवय,” तो म्हणाला आणि उठला. “मला कामं आहेत.”

तो गेल्यावर मास्तरांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. “बिचारा. पाचावर धारण बसली आहे त्याची. ताई, मी तुला स्पष्ट सांगतो, इथे काहीतरी आहे. मला तो उसासा ऐकायचा नाही.”

“उद्या ऐकायचाय,” ताई म्हणाल्या. “पाणी शांत असलं तर.”

*

पाणी शांत होतं.

लाँचवालीला ताईंनी सकाळीच सांगून ठेवलं होतं. नेहमीसारखी टाकी भरा. नेहमीसारख्या एकट्या निघा. आम्ही इथे आहोत हे कुणाला कळू देऊ नका. पण धक्क्यापलीकडची, समुद्रात घुसलेली टेकडी ओलांडली की खडकाकडे न जाता उलट्या दिशेला वळा, आणि नेहमीच्याच वेगानं चालवत राहा.

“बेटावरची माणसं?”

“आज थोडी खोळंबतील.”

ताई, मास्तर आणि मिस्त्री टेकडीआड मिस्त्रीच्या बोटीत वाट बघत बसले. थोड्या वेळानं लाँच आली, डावीकडे वळण्याऐवजी उजवीकडे वळली आणि मोकळ्या पाण्यात निघाली. मिस्त्रीनं अंतर ठेवून बोट मागे घातली.

तिथे काहीच नव्हतं. ना खडक, ना बेट, ना एखादा पक्षी. नुसतं राखाडी पाणी.

लाँच चालत राहिली, आणि मग तिचा आवाज बदलला. इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. बंद.

“पण इथे कुणी मेलेलं नाही!” मास्तर ओरडले.

“तेच तर,” ताई म्हणाल्या.

लाँचवालीचा चेहरा पांढराफटक पडला होता. “ते इथेही आले,” ती पुटपुटली. ताई लाँचवर चढल्या, आधी उजव्या कठड्यावरून खूप वाकून खाली पाहिलं. मग सरळ झाल्या.

“झाकण उघडा.”

तिनं झाकणाला हात घातला. ते घट्ट बसलं होतं, जणू आतून कुणी धरून ठेवलं होतं. फिरलं, आणि उसासा आला. लांब, दमलेला, सगळ्या लाँचमधून फिरून गेल्यासारखा. केबिनमधला रेनकोट हलला. मास्तरांनी मिस्त्रीचा दंड पकडला. मिस्त्री मात्र कान टवकारून ऐकत होता, आणि त्याचं तोंड हळूहळू उघडं पडत होतं.

“आता किल्ली फिरवा.”

“दीर आला नाहीये अजून...”

“फिरवा.”

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. गेजचा काटा वर चढला आणि स्थिर राहिला. लाँचवाली त्याच्याकडे बघत राहिली.

“बंद करा. झाकण लावा. आणि आता नेहमीसारखी दिराला हाक मारा.”

मिस्त्रीची बोट दूर निघून गेली. ताई आणि मास्तर केबिनमध्ये खाली वाकून बसले. रेनकोटची बाही मास्तरांच्या खांद्याला लागत होती. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. ताईंनी छोट्या खिडकीचा कोपरा सोडला नाही.

दिराची होडी आली. “इथे कुठे आलीस वहिनी?” त्याचा आवाज चिरकला. “खडक तर तिकडे आहे!”

उत्तराची वाट न बघता त्यानं होडी उजव्या अंगाला लावली, लाँचला हात टेकला, हलवली. “फिरव किल्ली.”

इंजिन सुरू झालं. त्याच क्षणी ताई केबिनमधून बाहेर आल्या. दिराचा हात झटकन खिशात गेला.

“बरं झालं आलात,” ताई म्हणाल्या. “लाँच तुम्हीच धक्क्याला घ्या. तुमची होडी मागे बांधू. बाबांच्या शेडमध्ये जरा बसायचंय.”

*

शेडमध्ये लाकडाचा वास होता. म्हातारबाबा आपल्या जागी बसले होते. मिस्त्री दाराशी उभा, लाँचवाली खांबाला टेकून. दीर बाकावर टोकाशी.

“लाँच खडकापाशी थांबत नव्हती,” ताईंनी सुरुवात केली. “ती ठरावीक पेट्रोल जळलं की थांबत होती. रोज टाकी काठोकाठ, रोज तोच वेग, रोज तोच रस्ता, म्हणून ती दरवेळी खडकासमोरच थांबायची. आज उलट्या दिशेला नेली, तर उलट्या दिशेला थांबली.”

“पण का?” लाँचवालीनं विचारलं.

“मिस्त्रींनी सगळं तपासलं आणि बरोबर तपासलं. वायर सुटली असती तर काटा एकदम पडला असता. फिल्टर तुंबला असता किंवा पंप कमजोर असता, तर त्यांच्या चाचणीत फुल स्पीडला कळलंच असतं. काटा सावकाश पडत होता. म्हणजे पंप जीव तोडून ओढत होता, आणि टाकी पेट्रोल सोडत नव्हती.”

“हवा!” मिस्त्रीच्या तोंडून निघालं.

“हवा. टाकीतून पेट्रोल बाहेर गेलं की त्याच्या जागी हवा आत यायला हवी. ते भोक बंद असेल तर टाकीत पोकळी होते, पंपाला ओढता येत नाही, दाब पडतो. टाकी भरलेली असली तर अजून लवकर. झाकण उघडलं की बाहेरची हवा एकदम आत घुसते.” त्यांनी लाँचवालीकडे पाहिलं. “तोच तुमचा उसासा.”

“पण भोक मोकळं होतं,” मिस्त्री म्हणाला. “दरवेळी.”

“तुमच्याकडे यायचं तेव्हा मोकळं. शेजारच्या तोंडावर मीठ साचलंय आणि ह्याची कड घासून चकचकीत झालीय. म्हणजे तिथे काहीतरी पुन्हा पुन्हा घातलं जातं, काढलं जातं. आज मी ते पाहिलं. लाकडाचं बूच, नुकतं कातलेलं. दीर येऊन गेल्यावर ते तिथे नव्हतं.” ताई वळल्या. “खिशातलं बाकावर ठेवा.”

दीर हलला नाही. मग त्यानं खिशात हात घातला आणि बूच बाकावर ठेवलं. ओलं, करंगळीएवढं.

“म्हणजे हाच!” मास्तर उठून उभे राहिले. “हाच घालायचा, हाच काढायचा!”

“नाही मास्तर. घालणारा वेगळा. टाकी भरल्यावर आणि लाँच सुटायच्या आधी, धक्क्याच्या अंगाला असलेल्या भोकात ते घालायचं. हा तेव्हा धक्क्यावर नसतो. आणि घालणारा काळजीचा माणूस आहे. लाँचमध्ये माणसं असताना तो घालत नाही, वारा असताना घालत नाही. ज्या दिवशी बंद पडली तरी सुनेच्या केसालाही धक्का लागणार नाही, त्याच दिवशी घालतो. आणि ती परत येईपर्यंत धक्क्यावरून उठत नाही.”

म्हातारबाबांनी सुरी खाली ठेवली.

“बाबा?” लाँचवाली खांबापासून पुढे झाली. “तुम्ही?”

“ते का, हे मला एका गोष्टीमुळे कळलं,” ताई हळू आवाजात म्हणाल्या. “एखाद्याला अचानक असं बूच सापडलं असतं तर त्यानं आरडाओरडा केला असता. बघा, कुणी खोडी केली! दिरानं ते गुपचूप काढलं. एकदा नाही, दरवेळी. आणि अगदी पहिल्या वेळी, लाँचला दोर न बांधता, सरळ त्या भोकाकडे गेला. बंद पडलेल्या लाँचमध्ये नेमकं तिथे बघायचं, हे त्याला कसं ठाऊक? त्यानं ते आधी एकदा स्वतः केलेलं होतं म्हणून. त्या दिवशी थोरले भाऊ फिल्टर उघडून बसले होते. इंजिन का बंद पडलं ते शोधत. टाकीचं झाकण उघडायचं त्यांना सुचलं नाही.”

बाहेर पाणी खांबांवर आपटत होतं.

“फळ्या जोडताना मला त्या भोकात बूच सापडलं,” म्हातारबाबा म्हणाले. “माझ्या डब्यातलं. माझ्या हातचं. डब्याला हात लावणारे तिघंच. एक मी. एक बुडालेला.” त्यांनी धाकट्याकडे पाहिलं नाही. “तिसऱ्याचं नाव माझ्या तोंडून निघेना. एक गेला होता. वाटलं, ह्यानं आपणहून बोलावं. ते बूच त्याला पुन्हा दिसलं की बोलेल. पुन्हा दिसलं की बोलेल. पण हा नुसता पांढरा होत गेला.”

“मला वाटलं, दादाच घालतोय,” दीर म्हणाला. तो आता रडत होता, पण आवाज न करता. “एकदा माझी होडी बंद पडली होती, त्यानं ओढून आणली. नंतर वर्षभर तोच किस्सा. धक्क्यावर, बाजारात, माझ्या लग्नातसुद्धा. मला फक्त एकदा त्याला ओढून आणायचं होतं. सगळ्यांसमोर. एवढंच. आईशप्पथ एवढंच.”

“मग गेला का नाहीस?” लाँचवालीनं विचारलं.

तो बाकावरच्या बुचाकडे बघत बोलला.

“वायरलेसवर हाक आली. ‘धाकट्या, इंजिन गेलंय रे, ये जरा.’ हसत होता. मी ऐकलं. उत्तर दिलं नाही. म्हटलं, अजून एकदा विनवू दे. दुसऱ्या हाकेत हसणं नव्हतं. तोवर वारा उठला होता. मी निघालो वहिनी, पण...”

लाँचवाली त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मास्तरांना वाटलं ती त्याला मारणार. तिचा हात उठलाही होता. मग तो खाली आला.

“म्हणजे ते तिथे नव्हतेच,” ती म्हणाली. “इतके दिवस मी त्यांच्याशी बोलत होते. झाकण उघडून, वाकून. सांगत होते, घरी सगळं ठीक आहे.”

जरा वेळानं तिनं डोळे पुसले. “बेटावर माणसं ताटकळली असतील,” ती म्हणाली आणि बाहेर पडली. मिस्त्री तिच्या मागोमाग गेला.

दीर उठला. “पोलिसात मला पोचवाल?” त्यानं मास्तरांना विचारलं. “एकटा निघालो तर मध्येच वळेन.”

*

चौकीतून परतायला संध्याकाळ झाली. दिरानं सगळं स्वतः सांगितलं होतं, आणि हे दोघं निघताना एकदाच म्हणाला होता, आज झोप लागेल बहुतेक.

मास्तरांनी गाडी सुरू केली. “ताई, ह्याला खून म्हणायचं का?”

“ते कोर्ट ठरवेल.”

“तू काय म्हणशील?”

“बूच घालणं ही खोडी होती,” ताई म्हणाल्या. “हाक ऐकून बसून राहणं... त्याला काय म्हणायचं, ते मला ठाऊक नाही.”

लाँचवालीला चौकीतलं सांगायला ते तिच्या घरी गेले. स्वयंपाकघरात दिवा होता. म्हातारबाबा मात्र बाहेर पायरीवर बसले होते, दाराकडे पाठ करून. आत जायचा आपल्याला हक्क उरलेला नाही, असं मानून बसल्यासारखे.

ताई काही बोलणार तोच दार उघडलं. लाँचवाली उंबऱ्यात आली. डोळे सुजलेले, केस ओले. तिनं ताईंकडे पाहून नुसती मान हलवली. मग सासऱ्यांच्या वाकलेल्या पाठीकडे बघत उभी राहिली.

“मला सांगायला हवं होतंत,” ती म्हणाली. “त्याला नाही. मला.”

“हो, पोरी.”

“मी आज तुमच्याशी बोलणार नाही. उद्याही बहुतेक नाही.”

“नको बोलू.”

“पण ताट वाढलंय. निवेल.”

म्हातारबाबांनी भिंतीचा आधार घेतला आणि उठायला लागले. तिनं हात पुढे केला नाही. पण ते आत जाईपर्यंत ती दार धरून उभी राहिली.